पडद्यावरचे साहस आणि नावाचा प्रश्न

१

ओवे हे पनवेल तालुक्यातले, खारघरच्या डोंगराच्या पायथ्याचे गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी या पट्ट्यातल्या जमिनी घेतल्या गेल्या. माझ्या लहानपणी इथे भाताची खाचरे दिसत. आज उंच इमारती दिसतात, आणि २०२३ साली मेट्रोही धावू लागली. या शहराच्या पायात जो दगड गेला तो फोडणाऱ्यांची वस्ती मात्र अजून पत्र्याखालीच आहे. माझे वडील दगडखाणीत सुरुंगाची भोके पाडत. त्यांच्या बरोबरीने घाटावरून आलेले वडार होते, वारणाकाठची मातंग कुटुंबे होती, आम्ही इथले बौद्ध होतो. त्या वस्तीतून पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आज एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. हे आत्मकथन म्हणून सांगत नाही. पुढे जो प्रश्न मांडायचा आहे तो मला ग्रंथालयात सापडला नाही, तो या वस्तीत माझ्यापुढे टाकला गेला, म्हणून एवढे सांगणे भाग आहे.

गेल्या वर्षी १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांची जयंती साजरी करण्याचे वस्तीतल्या तरुणांनी ठरवले. १४ एप्रिल सगळ्यांचा आणि १ ऑगस्ट फक्त मातंगांचा, ही वाटणी मोडावी असे काही मुलांच्या मनात होते आणि मी त्यांच्याबरोबर होतो. वर्गणी निघाली, फ्लेक्स छापून आला. फ्लेक्सवर उधळलेला घोडा, त्यावर फेटेवाला, हातात नंगी तलवार, खाली मोठ्या अक्षरात ‘वाघ’. रात्री पडदा बांधून फकिराच्या कथेवरचा सिनेमा दाखवायचा असा बेत होता.

बैठकीला वारणाकाठच्या एक मावशी आल्या होत्या. खाणीत आयुष्य गेलेली बाई. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “लावा की शिनेमा. मी न्हाई म्हनत न्हाई. पर त्यो दरोडा कशापायी घालतो, त्ये त्यात हाय का? माझ्या नातवाला गेल्या साली चोरीच्या चौकशीला नेला हुता. चोरी कुनाची, मार कुनाला. साहेब म्हनला, तुमच्यात हे असतंच. आता तुमी भित्तीवर घोडा नि तलवार लावून त्येच सांगताय, न्हवं?”

बैठक गप्प झाली. मीही गप्प झालो. कारण मावशींच्या नातवाला मी ओळखतो, तो माझ्याच वर्गात आहे. आणि त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या शिक्षकाकडे तयार असायला हवे होते, ते माझ्याकडे नव्हते.

साहसकथेचा सिनेमा होतो तेव्हा त्या साहसाचे कारण कुठे जाते? मावशींच्या प्रश्नाचे हे माझ्या भाषेतले रूपांतर आहे. या लेखात त्याचा शोध घेण्याचा प्रयत्न आहे.

२

साहसाची कादंबरी आणि सिनेमा यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी विसाव्या शतकाच्या आरंभीची. तिच्या आधारे कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट केला. त्यात शेलारमामाची भूमिका करणाऱ्या व्ही. शांताराम यांनी पुढे दहा वर्षांनी, १९३३ साली, प्रभात कंपनीसाठी ‘सिंहगड’ बोलपट दिग्दर्शित केला. तानाजीची कथा तेव्हापासून पडद्यावरून उतरलेली नाही. २०२० साली ती हिंदीतही आली.

या दोन ‘सिंहगडां’च्या मधल्या काळातली एक घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९३० साली प्रभातने शिवाजीच्या तरुणपणावर ‘स्वराज्याचे तोरण’ हा मूकपट तयार केला. ब्रिटिश सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्द सोसला नाही. चित्रपटाचे नाव ‘उदयकाल’ करावे लागले. सत्तेला कथेतली तलवार चालत होती, घोडे चालत होते, किल्ला सर झालेला चालत होता. चालत नव्हते ते नाव, कारण तलवार कशासाठी उचलली याचे उत्तर त्या नावात होते. गोऱ्या अधिकाऱ्याला एवढे नेमके कळत होते की साहसाचे कारण काढून घेतले तर उरलेले साहस निरुपद्रवी होते. तो मग नुसता खेळ होतो, तिकीट काढून पाहण्याचा.

ही गोष्ट आपले राष्ट्रीय इतिहासकार अभिमानाने सांगतात आणि ती सांगायलाच हवी. पण प्रश्न इथे संपत नाही. परक्या राज्यकर्त्याने एक नाव बदलले तर तो अन्याय म्हणून नोंदला गेला. नंतर आपल्याच माणसांनी आपल्याच बाजारासाठी जी नावे बदलली त्यांची नोंद कोणी केली?

आणखी एक. गड चढणाऱ्या वीराची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. पण मराठ्यांच्या गडकोटांच्या व्यवस्थेत गडाच्या घेऱ्यात आणि मेटांवर रात्रंदिवस पहारा करणारे रामोशी, कोळी, महार, मांग होते. वाटा त्यांना ठाऊक होत्या, कडे त्यांच्या पायाखालचे होते. साहसकथेत हे लोक गर्दीत दिसतात, नावाने दिसत नाहीत. ‘मावळे’ या एका शब्दात सगळे मिटवून टाकता येते. मिटवून टाकण्याची ही सवय सिनेमाने शोधली नाही, बखरीपासून ती चालत आली आहे. सिनेमाने ती मोठ्या पडद्यावर नेली इतकेच.

३

आता अण्णाभाऊंकडे येऊ. मराठीत दलित लेखकाच्या साहसप्रधान कादंबऱ्यांवर एका पाठोपाठ एक चित्रपट निघाले, असे उदाहरण त्यांचेच आहे.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात झाला. शाळा त्यांनी दीड दिवस पाहिली. वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेल्या या मुलाने दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत अक्षरे पक्की केली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या तपशिलावर क्षणभर थांबावे असे मला वाटते. ज्या पोस्टरांनी या माणसाला अक्षर दिले त्याच पोस्टरांवर पुढे त्याच्या कथा आल्या. तेव्हा त्या पोस्टरांनी त्याची अक्षरे तशीच ठेवली का, हे तपासण्याचा आपल्याला अधिकार आहे.

उपलब्ध नोंदींवरून यादी अशी होते. ‘वैजयंता’ कादंबरीवर त्याच नावाचा चित्रपट गजानन जागीरदार यांनी १९६१ साली केला. ‘फकिरा’ ही १९५९ सालची कादंबरी, तिचा चित्रपट १९६३ साली आला. ‘वारणेचा वाघ’ १९७० साली आला. या तिघांची नावे कायम राहिली. उरलेल्या चारांची राहिली नाहीत. ‘आवडी’चा झाला ‘टिळा लावते मी रक्ताचा’, १९६९. ‘माकडीचा माळ’ची झाली ‘डोंगरची मैना’, १९६९. ‘चिखलातील कमळ’ची झाली ‘मुरळी मल्हारीरायाची’, १९६९. आणि ‘अलगूज’ची झाली ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’, १९७४.

सातांपैकी चार. कोणती चार, ते पाहा. ‘माकडीचा माळ’ हे एका जागेचे नाव आहे. गावाने ज्यांना गावात जागा दिली नाही त्या भटक्या जमाती ज्या माळावर पाले ठोकतात तो माळ. या कादंबरीचा नायक एक माणूस नाहीच, तो अख्खा माळ आहे. चित्रपटाच्या पाटीवर माळ गेला आणि मैना आली. जिथे समाजाने हाकललेल्यांची जागा होती तिथे डोळ्यांना सुखावणारी एक बाई उभी करण्यात आली. ‘चिखलातील कमळ’ मुरळीच्या प्रथेविषयी आहे. देवाच्या नावाने आपल्या पोरी वाहून घेण्याची ही प्रथा म्हणजे धर्माच्या आडोशाने चाललेले शोषण आहे. मूळ नावात चिखल हा शब्द आहे, म्हणजे लेखकाने व्यवस्थेला तिच्या घाणीसह नाव दिले आहे. नव्या पाटीवर चिखल नाही, मल्हारीराय आहे. आरोपीच्या नावाने आरती सुरू झाली असे म्हणावे लागते.

आणि ज्या तिघांची नावे राहिली ती का राहिली? ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ ही शूर पुरुषांची नावे आहेत. ‘वैजयंता’ तमाशातल्या कलावंतिणीचे नाव आहे. बाजाराला हवे तेच या पाट्यांवर आधीपासून होते, म्हणून त्यांना हात लावायची गरज पडली नाही.

हे कोणा एका निर्मात्याच्या दुष्टपणाने झाले असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो शंभराहून अधिक आठवडे चालला. त्या यशानंतर मराठी चित्रपटाला फड, लावणी आणि रांगडा नायक यांचा ठरीव साचा मिळाला. हिंदी सिनेमापुढे टिकायचे तर हाच माल खपतो असे गणित बसले. तंबूच्या सिनेमाला, जत्रेच्या गर्दीला दुरून खेचणारी पाटी हवी होती. अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांत वेग होता, लढाई होती, बोली होती, रानातली माणसे होती. साच्याला लागणारे सगळे सामान तिथे तयार मिळाले. साच्याने सामान घेतले आणि ज्या भुकेने ते घडवले होते ती भूक बाहेर ठेवली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. अण्णाभाऊ स्वतः शाहीर होते. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाचे लोकनाट्य त्यांनीच केले. मग लावणीला नाक मुरडणारे आपण कोण? मला लावणीला नाक मुरडायचे नाही. पण त्यांनी तमाशाचा साज घेतला तो गिरणी कामगाराची व्यथा सांगण्यासाठी. साज जुना होता, विषय नवा होता. सिनेमाच्या साच्यात नेमके उलट झाले. विषय अंगावर येणारा होता, त्याला साजात गुंडाळून गोड करण्यात आले.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ वारले, दारिद्र्यात वारले. वरच्या यादीतील सालांकडे पुन्हा एकदा बघावे. त्यांच्या कादंबऱ्यांवरचे तीन चित्रपट त्याच साली आले. ज्या वर्षी बाजाराला त्यांची कथा सर्वांत जास्त हवी होती त्याच वर्षी लेखक दारिद्र्यात संपला. या वाक्याला मी विशेषणे जोडत नाही.

४

मावशींचा प्रश्न अजून तसाच आहे. फकिरा दरोडा कशापायी घालतो?

कादंबरीत याचे उत्तर स्पष्ट आहे आणि ते सुरुवातीपासून आहे. फकिराचा बाप राणोजी गावाच्या मानासाठी शेजारच्या गावातून जोगणी आणतो आणि त्या पायी जीव गमावतो. ज्या मांगाला गाव वेशीच्या आत राहू देत नाही तोच गावाच्या अब्रूसाठी मरतो. ही पहिली गाठ आहे. पुढे दुष्काळ येतो. मांगवाड्यात माणसे उपाशी मरू लागतात आणि धान्याची कोठारे बंद असतात. फकिरा ती फोडतो आणि धान्य वाटतो. मग येते सरकारची हजेरी. मांगाच्या पुरुषांनी ठरल्या वेळी पाटलापुढे जाऊन आपण गावातच आहोत हे सिद्ध करायचे. गुन्हा घडण्याआधीच गुन्हेगार ठरलेल्या माणसाची ही नोंदवही. शेवटी सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते आणि त्यांच्यासाठी फकिरा स्वतः हजर होतो.

म्हणजे या साहसाला दोन कारणे आहेत, भूक आणि हजेरी. हजेरीला कायद्याचे नाव होते. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो विस्तारला आणि मुंबई इलाख्यातल्या जमातीही त्याच्या कक्षेत आल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे झाल्यावर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, तो कायदा रद्द झाला. त्या दिवसापासून या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात. नाव बदलले. ठाण्यातल्या साहेबाची नजर बदलली का, हे मावशींच्या नातवाला विचारावे.

१८७१ चा कायदा हे मुळात एक नामकरण होते. माणसाच्या कपाळावर नाव डकवायचे आणि मग ते नाव त्याच्या पोरांना वारशाने द्यायचे. ‘फकिरा’ ही कादंबरी त्या नामकरणाला दिलेले उत्तर आहे. सरकारी दप्तर ज्याला दरोडेखोर म्हणते त्याला लेखक नायक म्हणतो आणि का म्हणतो ते शंभर प्रसंगांनी सिद्ध करतो. अण्णाभाऊंनी हे पुस्तक बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केले, यात मला विसंगती दिसत नाही. नाव कोणी ठेवायचे, हाच बाबासाहेबांच्याही लढ्याचा प्रश्न होता. पण कारणे गाळून फक्त घोडा आणि तलवार भिंतीवर लावली की तीच कादंबरी १८७१ च्या कायद्याची साक्षीदार होते. मावशी म्हणत होत्या त्याचा अर्थ हा होता.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. अमेरिकेत जॉन रोलिन रिज नावाचा चेरोकी लेखक होता. त्याच्या लोकांना त्यांच्या भूमीतून हुसकून लावले होते. १८५४ साली त्याने कॅलिफोर्नियातल्या वाकीन मुर्रिएता या मेक्सिकन बंडखोराची साहसकथा लिहिली. मूळ अमेरिकन लेखकाने लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. सोन्याच्या खाणींवर गोऱ्यांनी केलेल्या छळातून हा माणूस लुटारू होतो, असे त्या कथेचे कारण आहे. पुढे १९१९ साली जॉन्स्टन मॅककली याने झोरोची कथा लिहिली आणि १९२० साली डग्लस फेअरबँक्स याने ती पडद्यावर आणली. झोरोवर मुर्रिएताची छाया आहे असे बरेच अभ्यासक मानतात. पण झोरो कोण आहे? जमीनदाराचा मुलगा. दिवसा हवेलीत राहतो, रात्री तोंडावर बुरखा घालून गरिबांचा कैवार घेतो. छळ झालेल्या माणसाचे बंड हवेलीतल्या माणसाच्या उदारपणात बदलले. चेरोकी लेखकाचे नाव किती प्रेक्षकांना ठाऊक आहे?

‘रॉबिन्सन क्रूसो’ ही १७१९ ची कादंबरी तर सगळ्या साहसकथांची आजी समजली जाते. तिच्यात क्रूसोला बेटावर एक सोबती मिळतो. त्याला स्वतःचे नाव असणारच. क्रूसो ते विचारत नाही. ज्या वारी तो सापडला त्या वाराचे नाव त्याला देतो, फ्रायडे. अडीचशे वर्षे हे नाव कोणाला खटकले नाही. १९७५ साली ‘मॅन फ्रायडे’ हा चित्रपट आला आणि त्याने तीच कथा फ्रायडेच्या बाजूने सांगितली. मालकाचे साहस गुलामाच्या डोळ्यांनी पाहिले तर कसे दिसते ते दाखवले. म्हणजे रूपांतर कारण गाळू शकते तसे गाळलेले कारण परतही आणू शकते. सिनेमा हे माध्यम दोषी नाही. पाटी कोणाच्या हातात आहे, यावर सगळे अवलंबून आहे.

५

परत पनवेलला येतो, कारण यात माझाही दोष आहे आणि तो लपवू नये.

आमच्या ओव्याहून पनवेलमार्गे पुढे गेले की पळस्पे लागते. गोव्याचा रस्ता जिथे फुटतो ते गाव. त्या रस्त्याने थोडे पुढे शिरढोण. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली शिरढोणचा. १८७९ साली त्यांनी इंग्रज सरकारविरुद्ध बंड केले. दुष्काळाने पोळलेले रामोशी त्यांच्या फौजेचा कणा होते. त्याच साली मे महिन्यात दौलतराव नाईक या रामोशी नायकाच्या टोळीने कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली ही गावे लुटली. सुमारे दीड लाखांचा ऐवज घेऊन घाटाकडे परतताना इंग्रजांच्या फौजेने त्यांना गाठले आणि दौलतराव गोळी लागून मारले गेले. फडके यांना त्याच वर्षी जुलैमध्ये पकडले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

फडके यांच्यावर २००७ साली गजेंद्र अहिरे यांनी चित्रपट केला. तो व्हावा, यात शंका नाही. फडके यांचे शौर्य खरे आहे. पण दौलतराव नाईक यांच्या नावाचा चित्रपट नाही, आणि माझ्या वर्गात बसणाऱ्या, पळस्प्याहून रोज एसटीने येणाऱ्या मुलांना ते नावही ठाऊक नव्हते. मला त्यांना हसण्याचा अधिकार नाही. मी माझ्या टिपणवह्या काढून पाहिल्या. अनेक वर्षे मी फळ्यावर लिहीत आलो होतो, ‘फडके यांनी रामोशांना हाताशी धरून उठाव केला.’ हाताशी धरून! जणू रामोशी म्हणजे कुऱ्हाड किंवा कंदील. ज्यांनी गोळ्या खाल्ल्या त्यांना मी एका क्रियाविशेषणात बसवले होते. आणि त्याच पानावर पुढे दौलतरावांच्या मोहिमेला मी ‘दरोडा’ म्हटले होते, फडके यांच्या मोहिमेला ‘उठाव’. एकच फौज, एकच साल, एकच शत्रू. शब्द दोन.

आणि त्यांच्या हाताला शिक्षा वेगळी मिळाली. फडके हुतात्मा म्हणून इतिहासात गेले. रामोशी पुढे गुन्हेगार जमातींच्या यादीत गेले, आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत. एकाच साहसाला दोन नावे दिली की त्यांतून दोन वंश तयार होतात. एक पाठ्यपुस्तकात राहतो, दुसरा ठाण्याच्या वहीत.

हे शब्द मला कोणी शिकवले? ज्या पुस्तकांतून मी शिकलो त्यांनी शिकवले. पण आता ते पुढे मी शिकवत होतो. पहिल्या पिढीचा पदवीधर म्हणून मिरवणाऱ्या माणसाने प्रस्थापितांचा शब्दकोश जसाच्या तसा आपल्या पोरांच्या माथी मारायचा, ही आपल्यासारख्यांची मोठी शोकांतिका आहे. सिनेमाच्या पाटीवर टीका करण्याआधी मला माझा फळा पुसावा लागला.

६

शेवटी त्या रात्रीविषयी.

फ्लेक्स छापून झाला होता आणि वर्गणीचे पैसे त्यात गेले होते, म्हणून तो लागलाच. त्यावर भांडण करण्यात अर्थ नव्हता. पण सिनेमाआधी पुस्तक वाचायचे असे ठरले. धान्याची कोठारे फोडण्याचा भाग निवडला. वाचायला मावशींचा नातू उभा राहिला. आधी तो नको म्हणत होता. मी आग्रह केला नाही, मावशींनी केला. त्याचे वाचन काही विशेष चांगले नव्हते, जोडाक्षरांना अडखळत होता. पण वस्तीतला एक माणूस उठून गेला नाही. उपाशी पोरे आणि बंद कोठार हे शब्द आले तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका माना हलवत होत्या. बहात्तरचा दुष्काळ त्यांच्या अंगावरून गेला आहे. त्याच दुष्काळात त्यांनी गाव सोडून खडी फोडायला सुरुवात केली.

वाचन झाल्यावर मावशींनी एक आठवण सांगितली. लहानपणी जत्रेत तंबूत त्यांनी बापाबरोबर हा सिनेमा पाहिला होता. “लोकं शिट्ट्या मारत हुती, पैसं फेकत हुती. माझा बाप रडत हुता. मी इचारलं, का रडतुयास? तर म्हनला, हजेरीला म्या बी जायाचो.”

एकच तंबू, एकच पडदा, आणि दोन प्रेक्षक. कादंबरीतून पाटीवर येताना जे कारण गळले ते एका प्रेक्षकाने स्वतःच्या आयुष्यातून परत भरून काढले होते. सिनेमाच्या इतिहासाच्या पुस्तकांत शिट्ट्यांची नोंद आहे, आठवड्यांची आहे, तिकीटबारीची आहे. त्या रडण्याची नाही. आपल्या चळवळीतल्या अभ्यासकांपुढे हे काम पडून आहे. ज्यांनी हे चित्रपट तंबूत पाहिले ती पिढी आता जात चालली आहे. त्यांच्याकडे जाऊन विचारले पाहिजे, काय दिसले, काय आठवले, कोण रडले. विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीत एक वही घेऊन बसावे. शिक्षकांनी कोणताही साहसपट दाखवण्याआधी मूळ पुस्तकातले एक प्रकरण वाचून घ्यावे आणि मग एकच प्रश्न विचारावा, पुस्तकातले काय पडद्यावर आले नाही? आणि आपल्यातल्या ज्या तरुणांच्या हातात आज कॅमेरा आहे त्यांनी माळाला माळ म्हणावे, चिखलाला चिखल म्हणावे, दौलतराव नाईकांना त्यांच्या नावाने हाक मारावी. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने २०१३ साली शिवी म्हणून वापरला जाणारा शब्दच पाटीवर लावला आणि शिवी देणाऱ्याला आरशापुढे उभे केले. पाटी आपल्या हातात आली तर काय होते त्याचा तो पुरावा आहे.

ते वाचन आणि सिनेमा उरकल्यावर मुलांनी एक गोष्ट आपणहून केली. एका पुठ्ठ्यावर पेनाने लिहिले, १८७१ ला कोणता कायदा आला, १९११ ला काय झाले, १९५२ ला तो कसा गेला, आणि फकिराने कोठार का फोडले. तो पुठ्ठा त्यांनी त्या घोड्याच्या खाली सुतळीने बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना मावशी तिथे थांबल्या. त्यांना वाचता येत नाही. नातवाने वाचून दाखवले. त्या ऐकत राहिल्या, मग वरच्या ‘वाघ’कडे आणि खालच्या पुठ्ठ्याकडे पाहून म्हणाल्या, “बरं लिवलंय. पर अक्षर लई बारीक काढलंय रं.”

पुढच्या १ ऑगस्टला ते मोठे काढायचे आहे.